आधी पान उलटून पाहा

आपल्या मंडळाच्या ई-अंकात झाडं येतात ती बहुतेक कवितेतून. पळस येतो, मोह येतो, पारिजातक तर दर अंकाला हजेरी लावतो. नीलगिरी मात्र येत नाही. तिचं नाव निघालं की लोक एक तर सर्दीबद्दल बोलतात, नाही तर 'ती पाणी फार पिते' यावर भांडतात. पाण्याचं भांडण मी इथं काढणार नाही. सर्दी थोडी येईल, कारण आमच्या आजीला वगळून हा विषय सांगताच येत नाही. हा लेख आहे घरच्या आवारातल्या नीलगिरीच्या आजारी पानांबद्दल. आजार कसा ओळखायचा, आणि ओळखल्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही.

साहित्याच्या विद्यार्थिनीनं हे लिहावं का, असं कुणी विचारेल. घरी गरज पडली म्हणून शिकले, एवढंच उत्तर आहे. आमचं घर लालबर्राला, बालाघाट जिल्ह्यात. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, आणि पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही असं गाव. घरासमोर आजोबांनी लावलेली जुनी नीलगिरी आहे, आता छपराच्या कितीतरी वर गेलेली. विहिरीजवळ मामांनी दोन रोपं लावली, ती साधारण माझ्या उंचीची होती तेव्हाची ही गोष्ट. गेल्या पावसाळ्यात जुन्या झाडाच्या खालच्या फांद्यांवरची पानं तपकिरी पडून गळायला लागली. रोपांच्या शेंड्यांना त्याच सुमाराला गाठी दिसल्या. मामा बाजारातल्या एका दुकानातून दोन पुड्या आणि एक 'टॉनिक'ची बाटली घेऊन आले. दुकानदारानं पान पाहिलंच नव्हतं. सगळ्यांवर एकदा मारायचं, पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर कुऱ्हाड, असा मामांचा बेत होता. आजी ओसरीवरूनच म्हणाली, "ज्या पानाची वाफ घेतो आपन, त्याच पानावर जहर मारतो का रे?"

हा प्रश्न मला बिनतोड वाटला. आमच्याकडे घरात कुणालाही पडसं झालं की त्याच झाडाची मूठभर पानं पातेल्यात पडतात. मुलं डोक्यावर टॉवेल घेऊन त्या वाफेवर वाकतात. म्हणजे झाडावर जे मारू ते उद्या घरातल्या छातीत जाऊ शकतं. फवारणी करायची की नाही हे ठरवण्याआधी आजार कोणता हे कळणं भागच होतं. माझी मावसबहीण कृषीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती दिवसभराकरता आली, दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन. पुढचं बरंचसं मी तिच्यामागे फिरत शिकले आणि नंतर वाचून पक्कं केलं.

ताईचा पहिला प्रश्न होता, "नीलगिरी म्हणजे कोणती?" मला वाटायचं नीलगिरी एकच. प्रत्यक्षात तिच्या सातशेच्या आसपास जाती आहेत आणि जवळजवळ सगळ्या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या. भारतात ती पहिल्यांदा सुमारे १७९० मध्ये टिपू सुलतानाच्या राज्यात, नंदी टेकडीवरच्या बागेत आली असं सांगतात. पुढे १८४३ मध्ये जळणासाठी म्हणून उटीकडच्या निलगिरी डोंगरांवर तिची लागवड झाली आणि मराठीत त्या डोंगरांचंच नाव झाडाला चिकटलं. युकॅलिप्टस हे शास्त्रीय नाव ग्रीक आहे. त्याचा अर्थ 'नीट झाकलेलं'. तिच्या कळीवर एक टोपी असते, ती गळून पडली की आतून केसरांचा झुबका बाहेर येतो, त्यावरून ते नाव. आपल्या भागात रस्त्याच्या कडेला आणि शाळांच्या आवारात जी दिसते ती बहुधा टेरेटिकॉर्निस या जातीची किंवा तिचा 'मैसूर गम' नावाचा संकर. जिच्या पानाला लिंबासारखा वास येतो ती सिट्रिओडोरा. तिला १९९५ पासून शास्त्रज्ञ कोरिंबिया या वेगळ्या गटात टाकतात. घरच्या माणसाला याचा उपयोग एवढाच, की आजार जात बघून येतो. टेरेटिकॉर्निसला ज्या गाठी छळतात त्या लिंबाच्या वासाच्या झाडाला सहसा होत नाहीत. तेव्हा पान चुरडून वास घेणं ही तपासणीची पहिली पायरी.

दुसरी पायरी म्हणजे जो आजार नाही तो बाजूला काढणं. आणि नीलगिरी या बाबतीत माणसाला चांगलंच फसवते. तिच्या एकाच झाडावर दोन तऱ्हेची पानं असू शकतात. कोवळ्या वयाची पानं रुंद, अंडाकृती, काही जातींत निळसर आणि मेण लावल्यासारखी. मोठेपणाची पानं लांब, कोयत्यासारखी वाकलेली. मोठ्या झाडाची फांदी कापली की खोडातून जे फुटवे येतात त्यांना पुन्हा बाळपणाची रुंद पानं येतात. आमच्या शेजारच्या काकूंनी ती पाहून "झाडाला दुसराच काहीतरी रोग झाला" असं ठरवून टाकलं होतं. तो रोग नव्हे. खोडाची साल पट्ट्यापट्ट्यांनी सोलून पडणं हाही रोग नव्हे, आतलं गुळगुळीत फिकट खोड निरोगीच असतं. उन्हाळ्यात जुनी पानं पिवळी होऊन थोडीथोडी गळतात, कोवळी पालवी लालसर असते. हे सगळं चालायचंच. पानं खाली लोंबताना दिसली म्हणून 'पाणी कमी पडलं' असंही समजू नये. नीलगिरीची मोठी पानं कडा सूर्याकडे करून उभी लटकतात, म्हणजे दुपारचं ऊन अंगावर कमी पडतं. त्यामुळेच तिच्या सावलीत बसून ऊन लागतं, ही तक्रार आमच्या गावात जुनी आहे.

एवढं वजा केल्यावर जे उरतं ते पाहायचं. कसं पाहायचं, याला ताईनं सगळ्यात जास्त वेळ दिला, म्हणून मीही इथं जरा रेंगाळते.

लगेच पान तोडायचं नाही. आधी दहा पावलं मागे जाऊन झाड पूर्ण पाहायचं. आजार खालून वर चाललाय की शेंड्यावरून खाली? एकाच बाजूला आहे का? ती बाजू कुठली, शेताची, रस्त्याची की भिंतीची? जिवंत कारणामुळे, म्हणजे बुरशी, जिवाणू किंवा किडीमुळे झालेला आजार सहसा एका ठिकाणी सुरू होतो आणि पसरत जातो. काही पानं पूर्ण गेलेली, काही अर्धी, काही नुकती डागाळलेली, अशी वेगवेगळ्या वयाची खूण एकाच फांदीवर सापडते. औषधाचे तुषार, उष्णता, रसायन अशा निर्जीव कारणामुळे झालेलं नुकसान एकदम होतं आणि एकसारखं दिसतं. सगळी पानं जणू एकाच रात्रीत बिघडलेली.

मग जवळ जायचं. जुनी पानं बिघडलीत की नवी? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण अर्धं निदान त्यात असतं. त्यानंतर पान उलटायचं. किडींची अंडी, कोळ्याचं बारीक जाळं, बुरशीची पावडर हे पुष्कळदा पानाच्या पाठीवर असतं आणि आपण वरून पाहून निघून जातो. डाग असेल तर त्याची कड कशी आहे ते बघायचं: गोल, की शिरांनी अडवल्यासारखी कोनदार? भोवती पिवळं कडं आहे का? डागाच्या मध्यात काळे टिंब आहेत का? असे टिंब बहुतेक वेळा बुरशीच्या बीजाणूंच्या कुप्या असतात. पान उजेडासमोर धरायचं, डागाची कड पाण्यानं भिजल्यासारखी दिसते का तेही बघायचं.

घरी करता येतील अशा दोन चाचण्या ताईनं दाखवल्या. पहिली डब्याची. ज्यावर ताजा डाग आहे आणि भोवती हिरवं शिल्लक आहे असं पान धुवून, डब्यात ओल्या कागदावर ठेवायचं, झाकण लावून दोन दिवस सावलीत. डागाच्या कडेनं पांढरे बारीक तंतू किंवा पावडर आली तर बुरशीचा संशय पक्का होतो. पूर्ण वाळलेलं पान घेऊ नये, त्यावर भाकरीवर येते तशी कुठलीही बुरशी येईल आणि आपण तिलाच गुन्हेगार ठरवू. दुसरी चाचणी काचेच्या पेल्याची. डाग आणि हिरवा भाग दोन्ही येतील असा तुकडा ब्लेडनं कापून स्वच्छ पाण्यात धरायचा आणि उजेडाकडे पाहायचं. कापलेल्या कडेतून दुधट धूर निघाल्यासारखा दिसला तर जिवाणू असण्याची शक्यता मोठी. मग बुरशीनाशकाची पुडी आणणं म्हणजे पैसे पाण्यात.

आमच्या जुन्या झाडाचा पेला स्वच्छ राहिला आणि डब्यात दुसऱ्या दिवशी पांढरी लव आली. डाग पानाच्या टोकाकडून आणि कडेनं सुरू झालेले, आधी राखाडी ओलसर, मग एकमेकांत मिसळून तपकिरी. खालच्या फांद्या जास्त बिघडलेल्या, शेंडा हिरवागार. पाऊस लागून राहिलेला. धान पिकवणाऱ्या माणसाला हे चित्र ओळखीचं आहे. करपा म्हणजे काय हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. पावसात नीलगिरीवर येणाऱ्या पानकरप्यात ज्या बुरशीचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं ती कॅलोनेक्ट्रिया. जुन्या पुस्तकांत तीच सिलिंड्रोक्लॅडियम या नावानं भेटते. बुरशीच्या दोन अवस्थांना दोन नावं देण्याची पद्धत होती. २०११ मध्ये मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत 'एका बुरशीला एकच नाव' असं ठरलं. (टोपणनावानं लिहिणाऱ्या कवींना हा नियम लागू नाही, हे नशीब.) केरळच्या दमट हवेत या बुरशीनं नीलगिरीच्या रोपवाटिका आणि लागवडी यांचं मोठं नुकसान केलं आणि पीचीच्या केरळ वन संशोधन संस्थेत ऐंशीच्या दशकात तिच्यावर बराच अभ्यास झाला. आमच्या पानावर हीच होती की तिची एखादी बहीण, हे सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. पण घरच्या उपायासाठी तेवढ्या खोलात जावं लागत नाही.

कारण तिची चाल एकदा समजली की उपाय आपोआप कळतो. ही बुरशी गळलेल्या पानांत आणि मातीत तग धरून राहते. पावसाचा थेंब जमिनीवर आपटतो, त्याबरोबर ती उडते आणि खालच्या पानांवर जाऊन बसते. पान बराच वेळ ओलं राहिलं की आत शिरते. म्हणून शेंडा वाचतो आणि खालचं जातं. म्हणजे लढाई झाडावर कमी आणि जमिनीवर जास्त. आम्ही जुन्या झाडाखालची सगळी पानं खराट्यानं गोळा करून आवाराबाहेर खड्ड्यात पुरली, आणि पाऊस असेपर्यंत दर तीन-चार दिवसांनी हे काम केलं. जमिनीला टेकायला आलेल्या, अगदी आत दाटलेल्या फांद्या कापल्या, वारा खेळावा म्हणून. कापताना कात्री मधूनमधून स्पिरिटनं पुसली. बुंध्याशी पाणी साचत होतं, तिथून चर काढून दिला. बस्स. औषध एक थेंबही नाही.

चाळीस-पन्नास फुटी झाडावर पाठीवरच्या पंपानं फवारणी करणं म्हणजे निम्मं औषध आपल्याच डोक्यावर घेणं. शिवाय भर पावसात पानावर ते टिकतही नाही. वाढलेली नीलगिरी पावसाळ्यातली पानगळ सोसते आणि उघडीप मिळाली की नवी पालवी काढते. फांदी जिवंत आहे का याची शंका आली तर नखानं साल जरा खरवडून पाहावी. आत हिरवं-ओलं असेल तर ती मेलेली नाही. मामांनी ऑक्टोबरमध्ये स्वतःच अशा तीन फांद्या खरवडून पाहिल्या आणि कुऱ्हाडीचा विषय तिथंच राहिला.

रोपांचं दुखणं मात्र वेगळं होतं, आणि मला सांगायला जास्त आवडतं ते हेच, कारण त्याची गोष्ट लालबर्राहून फार लांब सुरू होते.

रोपांच्या कोवळ्या शेंड्यांवर, पानाच्या देठावर आणि मधल्या शिरेवर फुगीर गाठी होत्या, काही हिरव्या, काही चकचकीत गुलाबी. पान त्यामुळे पिळवटलेलं. मामांच्या पुडीतलं बुरशीनाशक इथं काहीच कामाचं नव्हतं, कारण गाठीत बुरशी नसते, अळी असते. लेप्टोसायबी इन्व्हेसा नावाची एक गांधीलमाशी ही गाठ करते. गांधीलमाशी म्हटल्यावर डंख मारणारी डोळ्यांसमोर आणू नका. ही जेमतेम एक मिलिमीटरच्या वर, काळीनिळी, भिंगाशिवाय धुळीच्या कणासारखी. ती कोवळ्या देठात आणि शिरेत अंडी घालते. झाड त्या जखमेभोवती फुगतं आणि अळीला राहायला घर आणि खायला अन्न, दोन्ही आपसूक मिळतं. मादीला पिल्लांसाठी नराची गरज बहुतेक पडत नाही, त्यामुळे एक मादी आली तरी वंश सुरू होतो. ती मूळची ऑस्ट्रेलियातली, म्हणजे नीलगिरीच्याच माहेरची. पण तिथं तिचा त्रास नसल्यामुळे कुणाला ठाऊकही नव्हती. २००० च्या सुमाराला भूमध्य समुद्राकाठच्या देशांत झाडं गाठींनी भरली तेव्हा लोक दचकले, आणि तिला शास्त्रीय नाव मिळालं ते २००४ मध्ये. तोवर ती भारतातही येऊन पोचली होती. तमिळनाडू, कर्नाटक, आंध्रातल्या नीलगिरीच्या लागवडींना त्यानंतरच्या काही वर्षांत तिनं जेरीस आणलं.

माहेरी तिचा त्रास का नव्हता? कारण तिथं तिचे शत्रू होते. तिच्याहूनही बारीक अशा परजीवी गांधीलमाश्या, ज्या तिच्या गाठीतच आपली अंडी घालतात आणि आतली अळी फस्त करतात. इस्राएलच्या शास्त्रज्ञांनी त्या ऑस्ट्रेलियातून आणून सोडल्या. त्यातली एक, क्वाड्रास्टिकस मेंडेली, भारतातही या किडीविरुद्ध वापरली गेली. मोठ्या प्रमाणावर टिकलेला उपाय हाच. कीटकनाशकाची फवारणी गाठीच्या आत नीट पोचत नाही, आणि वरवरच्या फवारणीनं मरतात ते हे बारीक मित्रच.

मग घरी दोन रोपांसाठी काय करायचं? गाठ नीट पाहायची. तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं दिसली तर माशी उडून गेलेली असते, ती फांदी कापून आता फार लाभ नाही. भोकं नसतील तर आत अळी आहे. असे शेंडे गाठीच्या बोटभर खालून कापायचे, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आठ-दहा दिवस कडक उन्हात ठेवायचे किंवा जाळायचे. शेणखताच्या ढिगावर टाकू नयेत, तिथून त्या सावकाश बाहेर येतात. एकदम सगळे शेंडे मात्र कापायचे नाहीत, नाही तर रोप एकाच वेळी पुष्कळ कोवळी फूट काढतं आणि माशीला तेच हवं असतं. युरियाचा मारा याच कारणानं टाळायचा. दुकानातलं टॉनिक आम्ही उघडलंच नाही. ताईचं म्हणणं, रोप डोक्याच्या वर निघालं की गाठी असूनही निभावून नेतं. दर वर्षी खुरटतच राहिलं तर ते काढून लिंबाच्या वासाची जात लावावी. आमच्या दोनपैकी एक रोप आता छताला लागलं आहे. दुसरं अजून खुरटं आहे आणि मामांचा त्याच्यावर फारसा जीव नाही.

बाकीच्या दुखण्यांचं थोडक्यात. नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर झाडाला लोह मिळत नाही. बांधकामाचा चुना-सिमेंट मातीत मिसळलेल्या भिंतीजवळ हे नेहमी दिसतं. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे मुळांना घेता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी, आधी एकाच फांदीवर फवारून पाहावं. साचलेल्या पाण्यानंही असंच होतं, तेव्हा आधी चर, मग हिराकस. पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू झाला असेल तर बहुधा नत्र कमी आहे, त्याला कुजलेलं शेणखत पुरतं. पानावर काजळी बसल्यासारखा काळा थर असेल आणि तो ओल्या बोटानं पुसला जात असेल, तर वर कुठेतरी रस शोषणारी कीड बसली आहे. तिच्या चिकट्यावर ती काजळी वाढते, म्हणून कीड शोधायची. थंडीत रोपांवर पांढरी पावडर आली तर ती भुरी.

आमच्याकडची एक खास गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. धानात रुंद पानांचं तण मारायला टू-फोर-डी वापरतात. वारा असताना ते मारलं की तुषार धुऱ्यापलीकडे जातात. अशा वेळी झाडाची नवी पानं अरुंद, दोरीसारखी पिळलेली येतात आणि जुनी ठीक असतात. गाठी नसतात, डाग नसतात. खात्री करायची असेल तर त्याच बाजूची टोमॅटोची रोपं पाहा, ती या औषधाला फार नाजूक असतात. याला औषध नाही. पाणी द्यायचं आणि पुढच्या पालवीची वाट पाहायची. शेजाऱ्याशी बोलायचं ते वारा पडलेल्या सकाळी फवारा म्हणून, भांडण म्हणून नव्हे.

फवारणी कधीच करायची नाही असं माझं म्हणणं नाही. नव्या रोपांवर पानकरपा आला आणि ती उघडी पडायला लागली तर बोर्डो मिश्रण उपयोगी पडतं. याची जन्मकथा मजेशीर आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, ते वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. निळी घाण दिसली की कोण खाईल? १८८२ मध्ये मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की आतल्या वेलींना केवडा रोग झालाय आणि या रस्त्याकडेच्या वेली टवटवीत आहेत. १८८५ मध्ये त्यानं कृती प्रसिद्ध केली. दहा लिटरसाठी शंभर ग्रॅम मोरचूद (आमच्या बाजारात नीला थोथा म्हणून मागा) आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना. प्लॅस्टिकच्या दोन बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात वेगवेगळं विरघळवायचं, लोखंडी भांडं नको. चुन्याचं पाणी गाळून घ्यायचं, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात सावकाश ओतत लाकडी काठीनं ढवळायचं. चाकूचं स्वच्छ पातं मिनिटभर बुडवून काढावं. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरायचं आणि उघडीप बघून मारायचं, पानं ओली असतील तर तांब्यानं ती करपतात. हातमोजे, तोंडाला फडकं, आणि कोंबड्या डालल्याशिवाय पंप उचलायचा नाही.

झाड फुलावर असेल तर कीटकनाशकाचं नावसुद्धा काढू नये, नीलगिरीच्या फुलांवर मधमाश्या तुटून पडतात. आणि ज्या रोपावर काहीही मारलंय त्याला लाल चिंधी बांधायची, त्याची पानं वाफेसाठी तोडायची नाहीत. आजीला हा तोडगा पटला. तिच्यासाठी जुनं झाड आहे. (तिलाही मी एक सांगितलं, की पानांची वाफ ठीक, पण बाटलीतलं नीलगिरी तेल कुणी प्यायचं नाही आणि लहान लेकरांच्या नाकाशी लावायचं नाही, ते पोटात गेलं तर विषारी असतं.)

एका लक्षणावर घरी प्रयोग करत बसू नये. कोवळ्या पानावर किंवा कोंबावर हळदीसारखी पिवळी पूड दिसली तर. पेरूवरून १८८४ मध्ये ब्राझीलमध्ये ओळखला गेलेला एक तांबेरा नीलगिरीवरही जातो आणि तो २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात शिरल्यापासून तिथल्या जंगलांना त्याचा मोठा धोका झाला आहे. पेरू, जांभूळ, लवंग, नीलगिरी ही एकाच कुळातली भावंडं, म्हणून अंगणातला पेरूही त्याच वेळी तपासावा. पूड हातानं झाडू नये, कपड्यांवरून ती पुढच्या झाडावर जाते. फोटो काढून कृषी विज्ञान केंद्राला दाखवावा. बहुतेक जिल्ह्यांत ते असतं, आपल्या बालाघाटलाही आहे. जंगलातल्या झाडांच्या रोगांवर काम करणारी उष्णकटिबंधीय वन अनुसंधान संस्था जबलपूरला आहे.

नमुना पाठवायचा तर एक निरोगी पान, एक नुकतं डागाळलेलं आणि एक बरंच बिघडलेलं, अशी तिन्ही अवस्थांची पानं फांदीसकट घ्यावीत. ओली नकोत. प्लॅस्टिकमध्ये ती वाटेतच कुजतात, म्हणून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कागदी पाकिटात घालावीत. सोबत चिठ्ठी: झाडाचं वय, आजार कधी आणि कुठून सुरू झाला, पाऊस किती दिवस लागून होता, शेजारच्या शेतात काय फवारलं आणि तुम्ही स्वतः काय मारलंत. शेवटचा मुद्दा लोक लपवतात, आणि तपासणाऱ्याला सगळ्यात आधी तोच हवा असतो.